रिकामे ठेवायचे खण

नाशिक,
८ जानेवारी २०२४

ती. आई आणि बाबांना,
पूजाचा नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही. आधी वाटलं, तिकडे रेंज नसेल. मग शेजारच्या काकूंकडून कळलं, की माझं नाव दिसलं की तुम्ही फोन उशीखाली ठेवता. म्हणून लिहितेय. पत्र निदान उघडून तरी बघाल.

आरोही पुन्हा शाळेत जायला लागली आहे. गेल्या आठवड्यात तिनं 'पप्पांच्या आहेत' म्हणत दाराबाहेरच्या रुद्रच्या चपला आत आणून कपाटात ठेवल्या आणि दप्तर भरायला बसली. मी डबा भरून दिला.

दुसरी गोष्ट सांगायला जड जातेय, पण बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. रुद्रची सातपूरची इमारत आता आर्किटेक्ट म्हणून मी पूर्ण करणार आहे. क्रेनखाली रुद्र आणि तो मजूर सोमा, दोघं गेल्यापासून काम बंद होतं. आता ते सुरू होतंय. बिल्डर किशोरशेठनं नकाशे माझ्याच हातात ठेवायचं कबूल केलं आहे. तीन वर्षं रुद्र दुसरं काही बोलत नव्हता, ते तुम्हालाही माहीत आहे. जेवतानासुद्धा ताटाशेजारी कागद असायचा. दुसऱ्या कुणाच्या हाती ती इमारत गेली तर तिचं काय होईल, याचा विचारही मला करवत नाही.

मी साइटवर जाते तेव्हा ते दोघं गेले तो कोपरा टाळून जाते. एवढंच जमतं सध्या.

बाबांनी थोडं जेवायला सुरुवात केली का?

तुमची,
पूजा


वणी,
२७ जानेवारी २०२४

पूजास,

पत्र पोचलं. उघडलं बी.

त्या इमारतीनं माझा पोरगा खाल्ला आणि तू तिचीच वेणीफणी करायला निघालीस. एवढं काय सोनं लागलंय तिला? बाईमाणसानं वर्षभर घरात बसावं असं म्हणणारी मी नाय, तुला ठाऊक हाय. तू कामाला लागलीस तेव्हा गाव नावं ठेवत होतं, मी नाय ठेवली. पण त्याच जागी? त्याच शेठकडं?

इथं काय बोलतात ते ऐक. साहेब स्वतःच शिरला म्हणतात क्रेनखाली, लोक नको म्हणत होते तरी. बाजारात एकानं माझ्या तोंडावर विचारलं. मी म्हणाले, माझा पोरगा आंब्याच्या झाडावर चढायला भ्यायचा, तो कशाला शिरेल? घरी आले आणि दिवसभर तेच डोक्यात. तू तिथं होतीस. तू तुझ्या डोळ्यांनी बघितलं. मला एवढंच सांग, काय झालं.

हे जेवतात. बोलत नाय कुणाशी. मळ्यात जातात नि बांधावर बसतात.

मैना


नाशिक,
२० फेब्रुवारी २०२४

ती. आई,

तुम्ही विचारलंत, काय सोनं लागलंय तिला. रागानं विचारलंत, तरी मी सरळ उत्तर देते.

नेहमीची इमारत विटेवर वीट ठेवत वर जाते. ही तशी नाही. आधी काँक्रीटचा उघडा सांगाडा उभा करायचा, मोठ्या कपाटासारखा, खणाखणांचा. खोल्या वेगळीकडे, सिन्नर रस्त्यावरच्या यार्डात, साच्यात ओतून तयार करायच्या. खिडकी, फरशी, नळ सगळ्यासकट. मग ट्रेलरवरून आणायच्या आणि क्रेननं उचलून खणात सरकवायच्या. कुणी दोन खोल्यांचं घर घेईल, कुणी चार. खर्च कमी, वेळ कमी. इथपर्यंत कुणीही करेल. रुद्रनं पुढचं केलं. काही खण त्यानं कायमचे रिकामे ठेवले.

कारण असं, की प्लॉटच्या मागे उत्तरेला कामगारांच्या बैठ्या घरांची गल्ली आहे. दक्षिणेला सात मजली भिंत उभी राहिली की थंडीभर त्या गल्लीत ऊन पडणार नाही, वारा लागणार नाही. 'एकाला घर द्यायचं म्हणून दुसऱ्याचं ऊन का काढून घ्यायचं?' असं तो म्हणायचा. म्हणून रिकाम्या खणांतून ऊन आरपार जाईल अशी त्यानं रचना केली. पुढच्या रस्त्यावर दिवसरात्र कंटेनर धावतात, तर त्या बाजूला जिने आणि न्हाणीघरं ठेवली, झोपायच्या खोल्या आत. आजूबाजूला काय आहे ते बघून इमारतीनं वागायला हवं, माणसासारखं. हेही त्याचंच वाक्य.

मी हा महिनाभर त्या गल्लीत जाऊन बसतेय, एकीच्या ओट्यावर. तिथं बसल्यावर मला एक दिसलं, जे टेबलावर आम्हा दोघांनाही दिसलं नव्हतं. रुद्रनं ऊन सगळ्या गल्लीला सारखं वाटलं होतं. पण गल्ली सारखी नसते. सकाळी ऊन हवं ते बालवाडीसमोर. दुपारी हवं ते टोकाच्या कट्ट्यावर, म्हाताऱ्या बसतात तिथं. नळाजवळ नसलं तरी चालतं. मी रिकामे खण सरकवले. काही डावीकडे, काही वर. सगळं पुन्हा मांडलं. पहाटेपर्यंत काम करत होते आणि मध्येच लक्षात आलं, की मी रुद्रला दाखवायला उठले होते.

त्या दिवसाचं विचारलंत. मला ते नीट आठवत नाही, आई. डॉक्टर म्हणतात, असं होतं.

पूजा


वणी,
१६ मे २०२४

चि. पूजास,
आशीर्वाद.

आरोहीला तुझा भाऊ सुखरूप सोडून गेला. इथं रमलीय. रात्री माझ्या कुशीत झोपते, पाय मारते लय, बापासारखे.

तुझं मागचं पत्र मी ठेवून दिलं होतं. परवा ह्यांना वाचून दाखवलं. पोरगं गेल्यापासून हे माणसात नव्हते. रिकाम्या खणांचं आलं तेव्हा म्हणाले, 'परत वाच.' परत वाचलं. मंग उठले आणि मला द्राक्षाच्या मांडवाखाली घेऊन गेले. म्हणाले, 'पाला सगळा भरू दिला तर खालचा घड आंबट राहतो. विरळ करावा लागतो. पोरगं हे माझ्याबरोबर करायचं.' एवढं बोलले आणि तिथंच खाली बसून रडले. आजवर रडले नव्हते.

म्हणून तुला सांगते, बांध. मी मागं बोलले ते धरून बसू नको. झाली की आम्हाला दाखव. ह्यांना त्या गल्लीतून बघायची हाय.

गावाचं तोंड काय बंद होत नाय. साहेबाची चूक, साहेबाची चूक. तुला आठवलं की सांग मला. मी चौकात उभी राहून सांगेन.

मैना


नाशिक,
११ ऑगस्ट २०२४

ती. आई, ती. बाबा,
नमस्कार.

बाबांचं वाचून मी ते पत्र ऑफिसच्या खणात ठेवलं आहे. वाईट दिवस आला की काढते.

चौथ्या मजल्यापर्यंत खोल्या बसल्या. पावसामुळे थांबत थांबत चाललंय. किशोरशेठनं शब्द पाळलाय, एकही खण बुजवलेला नाही. त्याच्या दृष्टीनं ती विकता येणारी जागा आहे. येणारा जाणारा विचारतो, एवढी जागा का सोडली? तो माझ्याकडे बोट दाखवतो आणि हसतो. त्याचं आणि माझं एक ठरलं होतं. त्यात माझ्याकडून जे द्यायचं होतं ते मी आधीच देऊन टाकलंय. पैशाचं नाही, काळजी करू नका.

परवा पाऊस उघडला आणि ऊन पडलं. ऑगस्टचं ऊन वरून येतं, त्यामुळे आत्ता काही कळत नाही. पण मागच्या गल्लीतली माणसं दारात उभी राहून वर बघत होती. एका म्हातारीनं विचारलं, 'ह्या खिडक्या कुणाच्या एवढ्या मोठ्या?' मी म्हटलं, 'तुमच्या.'

खूप दिवसांनी झोप लागली त्या दिवशी.

आरोहीला शाळेच्या नाटकात घेतलंय. गाय झाली आहे.

तुमची,
पूजा


वणी,
३ नोव्हेंबर २०२४

पूजा,

छाटणीला पेठकडची मजुरांची टोळी आलीय आमच्या शेजारच्या मळ्यात. त्यातली एक बाई दिवाळीच्या आदल्या दिवशी दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, पाणी मागायला आली.

म्हणाली, 'तुम्ही रुद्रसाहेबाची आई का?'

'व्हय.'

'मी भागुबाई. सोमाची बायको.'

मी तिला आत बोलावलं. तिचा नवरा माझ्या पोराबरोबर गेला, आणि वर्ष झालं, मी एकदा तिची चौकशी केली नव्हती. मला लाज वाटली. ती बसली नाय. उभ्यानं म्हणाली, 'रागावू नका. एक विचारायचं होतं. साहेब असं का वागले?'

'कसं?'

'सगळे नको म्हणत होते तरी क्रेनखाली गेले. आणि माझ्या माणसाला बी संगं नेलं. ठेकेदार म्हणतो, साहेबाची चूक हाय, आमच्याकडं भरपाई मागू नको. कागदावर तसं हाय म्हणतो.'

मी म्हणाले, 'कोण लिहून देतं असं? कुणी बघितलं?'

ती म्हणाली, 'तुमच्या सुनेनं दिलाय जबाब.'

मला तिच्याकडं बघवलं नाय. तिला वाटलं, मी रागावले. 'चुकलं माझं,' म्हणाली आणि गेली.

तुला आठवत नाय म्हणाली होतीस. पोलिसासमोर बरं आठवलं. माझ्या मेलेल्या पोराच्या नावावर काय घातलंस तू? आणि कशासाठी? मला खरं लिही. गोड लिहू नको.


नाशिक,
१४ नोव्हेंबर २०२४

ती. आई,

खरं लिहिते.

त्या दिवशी वारं होतं. रुद्र म्हणाला, आज उचलायचं नाही. मुकादम म्हणाला, क्रेन उद्या दुसरीकडे जातेय. त्यांची बाचाबाची झाली. रुद्र किशोरशेठला फोन लावत होता तेवढ्यात त्यांनी खोली उचलली. वर ती हेलकावे खायला लागली, कोपरा खणात बसेना. मुकादमानं सोमाला सांगितलं, खाली जाऊन दोर ओढ. सोमा एकटा गेला. दोर त्याला आवरेना. मुकादम ओरडला, 'साहेब, तुम्ही पण जा, कोपरा बघा, नाहीतर भिंतीवर आदळेल.' रुद्रनं एकदा वर बघितलं आणि सोमाकडे धावला. 'सोड ते, बाहेर ये,' असं ओरडत धावला. मी जिन्याजवळ होते. मी सगळं ऐकलं. मग खोली धरणारा क्रेनचा पट्टा तुटला.

तो सोमाला घेऊन गेला नाही. त्याला बाहेर काढायला गेला.

तेराव्यानंतर किशोरशेठ घरी आला. आरोही आतल्या खोलीत होती. म्हणाला, 'वहिनी, ठेकेदार अडकला तर प्रकल्प बुडाला. बँक दुसऱ्या कुणाला देईल, तो सरळ भिंत उभी करेल. साहेबांचं काहीच राहणार नाही. तुम्ही एवढंच सांगा की ते आपणहून गेले. गेलेल्या माणसाला काय शिक्षा होते? मी एकही खण बुजवणार नाही, माझ्या मुलीची शपथ घेतो.'

मी दोन दिवस विचार केला. रुद्रचं नाव कागदावर खराब होईल, पण गल्लीत ऊन पडेल. त्याला विचारलं असतं तर त्यानं हेच निवडलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. आणि जबाब दिला.

सोमाच्या घरचं काय होईल, हे माझ्या मनात आलंच नाही. आलं आणि मी बाजूला सारलं असंही नाही. आलंच नाही. तुमचं पत्र वाचेपर्यंत मला त्याच्या बायकोचं नावही माहीत नव्हतं.

पूजा


वणी,
२५ नोव्हेंबर २०२४

पूजा,

वाचलं. ह्यांना वाचून दाखवलं नाय.

रुद्रला विचारलं असतं तर, असं मला परत लिहू नको. त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, आधी सोमाच्या घरी जा.

पोलिसात जाऊन खरं सांग. ते केल्याबिगर पत्र टाकू नको. आरोहीला नाताळच्या सुट्टीत पाठव, तिचा ह्यात काय दोष नाय.


नाशिक,
२२ मार्च २०२५

ती. आई,

आता लिहायची परवानगी आहे असं समजते.

तुमचं पत्र आलं त्या आठवड्यात मी पोलीस ठाण्याच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. पुन्हा गेले, पुन्हा परत आले. वरचे तीन मजले बाकी होते. म्हटलं, शेवटची खोली बसली की जाईन, मग त्याला खण बुजवता येणार नाहीत. असं करत डिसेंबर गेला. डिसेंबरात एक मात्र झालं. खालच्या चार मजल्यांच्या खणांतून ऊन गल्लीत उतरलं, बालवाडीच्या दारात, जिथं मी नकाशात काढलं होतं तिथंच. पोरं त्यात पाय पसरून बसली होती. मी ते पाहिलं, आणि जाणं आणखी पुढे ढकललं.

जानेवारीत यार्डातून खोल्या आल्या. माझ्या नकाशात होत्या त्याहून जास्त. मी ट्रेलरवाल्याला म्हटलं, चुकून आल्या असतील. तो म्हणाला, यादी ऑफिसमधूनच आहे.

किशोरशेठ साइटवरच होता. मी विचारलं, 'ह्या कुठे बसवणार?'

'रिकाम्या जागी. वहिनी, बाजार बघा ना. नवे नकाशे करून घेतलेत दुसऱ्या आर्किटेक्टकडून. नियमात बसतंय सगळं.'

'तुम्ही शब्द दिला होता. मुलीची शपथ घेतली होती.'

'दिला होता,' तो म्हणाला. चिडला नाही अजिबात. 'तुम्ही पण जबाब दिला होता. आता तो फिरवणार का? फिरवलात तर तुम्हीच खोट्या ठरणार.'

खोल्या बसवायला फार वेळ लागत नाही, आई. आम्ही ती पद्धत तशीच आखली होती, खोल्या झटपट बसाव्यात अशी. ज्या सोयीसाठी रुद्रनं डोकं फोडून घेतलं त्याच सोयीनं ते खण भरत गेले. आधी खालचे, मग वरचे. बालवाडीच्या दारातलं ऊन एका सकाळी नव्हतं. पोरं आपली सवयीनं तिथंच येऊन बसली होती.

मी फेब्रुवारीत जाऊन खरा जबाब दिला. लिहून घेतला त्यांनी. ज्या साहेबांनी लिहून घेतला त्यांनी पेन ठेवून विचारलं, 'एवढे दिवस का थांबलात?' मी सही कुठे करायची ते विचारलं.

पूजा


वणी,
६ एप्रिल २०२५

पूजा,

गेलीस ते बरं केलंस.

एकच विचारते. त्यानं खण बुजवले नसते, तर तू गेली असतीस का?

आणि भागुबाईकडं गेलीस का? तिच्या पाड्यावर जा. मला सांगितलंस तसं तिला सांग. तोंडानं सांग, पत्रानं नाय.

मैना


नाशिक,
३० ऑगस्ट २०२५

ती. आई,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी पुष्कळ दिवस शोधलं. गेले असते असं लिहावंसं वाटतं. पण मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

भागुबाईकडे मेमध्ये जाऊन आले. पेठच्या पुढे गाडीरस्ता संपतो, मग चालत. ती दारात तांदूळ निवडत होती. मी नाव सांगितलं. तिनं पाणी दिलं, आत ये म्हणाली नाही. मी सगळं सांगितलं. सोमा आपणहून गेला नव्हता, त्याला पाठवलं. आणि रुद्र त्याला बाहेर काढायला धावला. ती निवडतच होती. शेवटी म्हणाली, 'तो काही बोलला का? मरताना?' मी म्हटलं, नाही, वेळच नव्हता. ती म्हणाली, 'बरं.' मग म्हणाली, 'गाडी चुकेल तुमची.'

भागुबाईच्या भरपाईच्या दाव्यात न्यायालयात माझी साक्ष झाली. ठेकेदाराच्या वकिलानं दोन्ही जबाब हातात धरले. 'बाई, आधीचा खोटा की आताचा?' मी म्हटलं, आधीचा. 'म्हणजे तुम्ही पोलिसांसमोर खोटं बोलू शकता.' हो. 'आणि नकाशे तुमच्याकडून काढून घेतल्यावरच तुम्हाला खरं आठवलं.' मी न्यायाधीशांकडे बघितलं. 'हो की नाही, बाई?' हो, म्हटलं. मी म्हणत होते ते सगळं खरं होतं आणि एकेक शब्दानं ते खोटं होत होतं.

त्यानंतर महिन्याभरात भागुबाईनं तडजोडीच्या कागदावर अंगठा दिला. ठेकेदारानं थोडं काही दिलं आणि तिनं दावा सोडला. तिच्या वकिलाकडून कळलं. मी तिला दोष देत नाही. माझ्या साक्षीवर ती किती दिवस बसून राहणार? मुकादम आता दुसऱ्या साइटवर आहे. माझ्यावर खोट्या जबाबाचं प्रकरण चालू आहे, ते चालेल.

ऑफिस बंद केलं. एकाकडे नोकरी धरली आहे, तिथं स्वयंपाकघरांचे तपशील काढते. इमारतीत लोक राहायला आलेत. दारांना तोरणं आहेत, गॅलऱ्यांत तुळशी आहेत. त्यांचं काही चुकलेलं नाही. त्यांना कुणी सांगितलंच नाही, की त्यांच्या काही खोल्या तिथं असायच्या नव्हत्या.

बाबांना आणू नका बघायला. मी कारण सांगितलं नाही असं सांगा.

पूजा


वणी,
२१ डिसेंबर २०२५

चि. पूजास,

ह्यांना नाय आणलं. मी एकटी आले होते. परवा नाशिकला डोळे दाखवायला आले, ते दाखवून सातपूरला गेले. तुला सांगितलं नाय. सांगितलं असतं तर तू बरोबर आली असतीस, आणि मला तुझ्या तोंडाकडं बघत ती इमारत बघायची नव्हती.

पुढून चांगली दिसते. रंग बरा हाय. मी मागं गेले, गल्लीत. दुपारची वेळ होती आणि माणसं स्वेटर घालून बसली होती. लय गारठा. ऊन सगळं पलीकडच्या रस्त्यावर होतं. मी एका ओट्यावर टेकले तर आतून बाई आली. शिवणकाम करत होती, आत दिवा लावून. म्हणाली, 'कुणाकडं आलात, मावशी?'

मी म्हणाले, 'ही इमारत बघायला.'

'ही होय,' ती म्हणाली. 'हिच्यात नका घेऊ घर. बांधताना दोन माणसं मेली हिथं. एक येडा साहेब होता, त्याच्या चुकीनं. कुणाचं ऐकत नव्हता म्हणे. गरीब मजुराला बी घेऊन गेला स्वतःसंगं.'

त्यांना बी तेच ठाऊक हाय, पूजा. ज्यांच्यासाठी त्यानं खण सोडले त्यांना. तुझा पहिला जबाब त्या गल्लीत पोचलाय आणि तिथंच राहिलाय. दुसरा कोर्टातून बाहेर आलाच नाय.

मी म्हणाले, 'मी त्याची आई.'

ती सुईदोरा हातात घेऊन तशीच उभी राहिली. मंग म्हणाली, 'मावशी, मला ठाऊक नव्हतं. चुकलं.' आणि रडायला लागली. मी तिला म्हणाले, रडू नको, बस, काय झालं ते ऐक. आणि मी सांगितलं. वारं होतं तिथपासून. सोमा एकटा गेला, रुद्र त्याला सोड म्हणत धावला. मंग खणांचं सांगितलं, तू लिहिलं होतंस तसं. बालवाडीसमोर सकाळचं, कट्ट्यावर दुपारचं. बाया जमल्या चारपाच. एक म्हातारी वर बघून म्हणाली, 'म्हणूनच मागल्या वर्षी थोडे दिवस ऊन यायचं.'

तुला माफ केलं असं मी लिहीत नाय. लिहायला बसते आणि हात थांबतो. कधी चालेल ते मला ठाऊक नाय. खोटं कशाला लिहू. पण तुला कळायला हवं म्हणून हे लिहिते.

त्यातली एक तरणी पोरगी होती, शिकलेली असावी. तिनं विचारलं, 'आजी, पण हे तुम्हाला कुणी सांगितलं? पेपरात तर वेगळंच होतं.'

मी म्हणाले, 'माझ्या सुनेनं. ती तिथं उभी होती. तिनं बघितलं.'

पोरीनं मान डोलावली. बाकीच्यांनी मानलं का नाय, मला सांगता येत नाय. वणीची गाडी होती, मी उठले.

मैना